वाचक विचारतात : उघड्या छताची आलिशान गाडी पारखताना

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये एक विषय वारंवार आला. छत उघडता येणारी उंची गाडी, म्हणजे कन्व्हर्टिबल, घेण्याची इच्छा आहे. तिची पारख कशी करावी? इंजिनाची ताकद, गिअरची संख्या, आसनांचे चामडे यांची माहिती कंपनीच्या पुस्तिकेत सविस्तर मिळते. छत काढल्यामुळे गाडीच्या अंगात काय बदलते आणि ते छत दहा वर्षे उघडत-मिटत राहिल्यावर त्याची काय अवस्था होते, हे मात्र पुस्तिकेत नसते. माझ्या मते अशा गाडीची खरी परीक्षा या दोन गोष्टींवरच होते, म्हणून या अंकासाठी निवडलेली पत्रेही त्यांच्याभोवतीचीच आहेत.

प्रश्न : एकाच मॉडेलची बंद छताची कूपे आणि उघड्या छताची गाडी मी पाहिली. विक्रेत्याने सांगितले की छताखेरीज दोन्हींत काहीच फरक नाही. मग उघडी गाडी वजनाने जड कशी? आणि चाचणी फेरीत मी नेमके काय तपासावे?

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे दिसण्यापुरते खरे आहे. आजच्या बहुतेक प्रवासी गाड्यांना खाली वेगळी चौकट नसते. तळ, खांब, बाजूंचे पत्रे आणि छत एकत्र जोडून जे कवच तयार होते, तेच रस्त्याकडून येणारा सगळा भार वाहते. बुटांचे पुठ्ठ्याचे खोके झाकण चिकटवून दोन्ही हातांनी पिळून पाहावे आणि मग झाकण काढून पुन्हा पिळावे, म्हणजे छताचे काम काय असते ते लगेच कळते. गाडीचे पुढचे डावे चाक खड्ड्यात आणि पुढचे उजवे चाक उंचवट्यावर गेले की तिच्यावर असाच पीळ पडतो. तो सोसता यावा म्हणून अभियंते दारांखालचे उंबरे जाड करतात, पुढच्या काचेच्या खांबांत अतिकठीण पोलादाच्या नळ्या घालतात, तळाला आडवे-तिरके पट्टे जोडतात आणि मागच्या आसनांपाशी भक्कम आडभिंत उभारतात. छताचा एक पत्रा जातो आणि त्याच्या जागी ही सगळी भरती येते, शिवाय छत हलवणाऱ्या यंत्रणेचे वजन वेगळे.

वजन किती वाढते हे मूळ आराखड्यावर ठरते आणि येथेच गाड्यांचा पहिला मोठा भेद दिसतो. पोर्शची ७१८ बॉक्स्टर आणि तिची बंद छताची बहीण केमन यांच्या साध्या आवृत्त्यांचे वजन कंपनीने सारखेच दिलेले आहे, कारण ती रचना मुळातच उघड्या गाडीची म्हणून आखलेली आहे. मॅक्लारेनच्या ७२०एस या गाडीचा गाभा कार्बन फायबरचा असून तो स्वतःच इतका ताठ आहे, की तिच्या उघड्या आवृत्तीला वेगळी मजबुती द्यावी लागली नाही आणि वाढ ४९ किलोंवर थांबली. याउलट चार आसनांच्या कूपेचे छत काढून जी उघडी आवृत्ती तयार केली जाते, तिच्यात हा फरक शंभर किलोंच्या पलीकडे जाऊ शकतो. म्हणून पहिली चौकशी हीच करावी की गाडी उघडी म्हणूनच जन्मली आहे की नंतर उघडी केलेली आहे. नंतर उघडी केलेली गाडी वाईटच असते असे मी म्हणत नाही, पण तिला अधिक कडक परीक्षेतून न्यावे.

परीक्षा अशी. एकाच रस्त्यावरून दोन फेऱ्या माराव्यात, एक छत बंद ठेवून आणि दुसरी उघडून. दोन्ही वेळा संगीत आणि पंखा बंद असावा. विक्रेते चाचणीसाठी गुळगुळीत हमरस्ता पसंत करतात, पण आपण आग्रहाने खडबडीत रस्ता निवडावा आणि ताशी ३० ते ४० किलोमीटरच्या वेगाने जावे. कवचाची थरथर या वेगात सर्वांत स्पष्ट जाणवते. आतल्या आरशातील प्रतिमा थरथरून अस्पष्ट होते का, काचेची वरची चौकट आणि डॅशबोर्ड एकमेकांच्या तुलनेत हलताना दिसतात का, स्टिअरिंगच्या दांड्यातून हातात बारीक कंप येतो का, हे पाहावे. जाणकार या दोषाला स्कटल शेक म्हणतात. नंतर एखादा गतिरोधक मुद्दाम तिरका, एकेक चाक चढवत ओलांडावा आणि छताच्या कुलुपापाशी किंवा दाराच्या रबरी पट्ट्यांपाशी कुरकुर ऐकू येते का ते पाहावे. थोडीशी थरथर चांगल्या गाडीतही असते. बंद छताने ती जवळपास नाहीशी होते आणि उघड्या छताने हलकी जाणवते, इतपत असेल तर मी ती स्वीकारीन. पण छत बंद असतानाही आरसा कापत असेल, तर ती गाडी कितीही देखणी असो, मी घेणार नाही.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दालनात उभ्या केलेल्या गाडीला सहसा सर्वांत मोठ्या आकाराची चाके आणि पातळ कडेचे टायर बसवलेले असतात. बंद छताच्या गाडीत त्यांचा त्रास होतो तो फक्त धक्क्यांपुरता. उघड्या गाडीत मात्र तेच धक्के आधीच कमी ताठ असलेल्या कवचाला हलवतात. त्याच मॉडेलची एक-दोन इंच लहान चाके असलेली गाडी चालवून पाहण्याची मागणी करावी. दोन वेगळ्या गाड्या चालवत आहोत असे वाटण्याइतका फरक मी काही वेळा अनुभवला आहे.

प्रश्न : कापडी टप घ्यावा की धातूचे घडीचे छत? मित्रमंडळी म्हणतात की कापड म्हणजे जुनी, स्वस्तातली पद्धत.

उत्तर : मित्रमंडळींचे मत काही वर्षांपूर्वी बाजारातही रूढ होते, आता बाजार उलट्या दिशेने गेला आहे. धातूच्या घडीच्या छताची कल्पना मुळात जुनी आहे. प्यूजोने जॉर्ज पोलां यांच्या कल्पनेवरून १९३० च्या दशकातच तशी गाडी विकली होती आणि फोर्डची स्कायलायनर १९५७ ते १९५९ अशी तीन वर्षे बाजारात होती. या प्रकाराला खरी लोकप्रियता मिळाली ती १९९६ च्या मर्सिडीज एसएलकेमुळे. त्यानंतर मर्सिडीजच्या मोठ्या एसएलने आणि बीएमडब्ल्यूच्या झेड४ व तिसऱ्या मालिकेतील गाडीने धातूचा मार्ग धरला. पण २०१८ ची झेड४, २०२० मध्ये आलेली बीएमडब्ल्यूची चौथ्या मालिकेतील उघडी गाडी आणि २०२१ ची एसएल या तिन्ही पुन्हा कापडी टपाकडे वळल्या. एसएलचा नवा टप आधीच्या धातूच्या छतापेक्षा २१ किलोंनी हलका असल्याचे मर्सिडीजने सांगितले. बीएमडब्ल्यूने आपल्या टपाचे वजन जुन्या छताच्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे जाहीर केले.

किलोंइतकेच महत्त्व ते किलो कोठे असतात यालाही आहे. छत मिटून मागे गेले की त्याचे सगळे वजन डिकीत, मागच्या आसाच्या आसपास किंवा त्याही मागे जाते आणि डिकीतील जागा गिळते. धातूच्या तुकड्यांना घडी घालण्यासाठी उंची लागते, त्यामुळे अनेक गाड्यांचा मागचा भाग फुगीर झाला आणि छत बंद असताना त्या मागून बोजड दिसू लागल्या. कापड मात्र इंग्रजी झेड अक्षरासारखे मोडून थोडक्या जागेत बसते. मिटल्यावर टपाचा पुढचा भागच सर्वांत वर येतो, म्हणून काही गाड्यांत त्यावर वेगळे झाकणही लागत नाही.

उंची गाड्यांतील आजचा टप म्हणजे एका पदराचे कापड नसते. बाहेर पाणी न शिरू देणारे विणलेले कापड, मध्ये आवाज आणि उष्णता अडवणारी जाड गादी आणि आत नीट ताणलेले अस्तर असे थर असतात. त्याखाली धातूच्या कमानी असतात, आणि त्या रुंद पट्ट्यांसारख्या असल्या तर वेगातही कापड फुगत नाही. टप चांगला आहे की नाही हे पाहण्याची माझी साधी रीत आहे : हमरस्त्यावर छत बंद करून शेजारच्या व्यक्तीशी नेहमीच्या आवाजात बोलावे आणि अवजड वाहन बाजूने जाताना वाक्य पुन्हा उच्चारावे लागते का ते पाहावे. मागची काच खऱ्या काचेची आणि तापवता येणारी हवी. मऊ प्लास्टिकची खिडकी काही वर्षांत पिवळी पडते आणि घडीवर तडकते.

धातूच्या छताच्या बाजूनेही दोन ठोस मुद्दे आहेत. गाडी रात्रंदिवस उघड्यावर उभी राहणार असेल, तर चाकू लावून कापता येणाऱ्या कापडापेक्षा धातू निश्चिंत ठेवतो. आणि फार कडक ऊन किंवा फार जोराचा बर्फ असेल तेथे तो अधिक वर्षे टिकतो. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या सध्याच्या उघड्या आवृत्तीचे छतही कापडी नसून कठीण घडीचेच आहे, मात्र धातूऐवजी संमिश्र पदार्थाचे, आणि तिने छतासाठी द्रवदाबाच्या (हायड्रॉलिक) यंत्रणेऐवजी विद्युत मोटारी वापरल्या आहेत, त्यामुळे तेल गळण्याचा प्रश्नच उरत नाही. माझा कल मात्र कापडाकडे आहे. त्यात हलणारे भाग कमी असतात आणि टप जुना झाल्यावर कापड बदलता येते. धातूच्या छताची एखादी बिजागरी वाकली की सगळे तुकडे पुन्हा जुळवणे हे फार नाजूक काम होऊन बसते.

प्रश्न : घरात पती-पत्नी आणि दोन लहान मुले आहेत. चार आसनांची उघडी गाडी कुटुंबाची एकमेव गाडी म्हणून चालेल का?

उत्तर : एकमेव गाडी म्हणून माझे उत्तर नकाराकडे झुकते, पण कारणे पाहून आपण ठरवावे. पोर्श ९११ सारख्या गाडीतील मागची आसने थोड्या वेळापुरती, लहानग्यांसाठीच आहेत. मर्सिडीजची सीएलई आकाराने मोठी आहे आणि तिच्यात मागे प्रौढ व्यक्ती बसू शकते, परंतु तिची डिकी छत बंद असताना ३८५ लिटर आणि उघडे असताना २९५ लिटर भरते. चौघांचे सामान घेऊन छत उघडायचे म्हटले की या दोन आकड्यांमधील अंतर जाणवते. बहुतेक गाड्यांच्या डिकीत एक आडपडदा असतो. तो खाली ओढलेला असल्याशिवाय छत उघडतच नाही, त्यामुळे आपल्या नेहमीच्या बॅगा बरोबर नेऊन त्या पडद्याखाली बसतात का हे दालनातच पाहावे. वाऱ्याचा झोत अडवणारी जाळी अनेक गाड्यांत मागच्या आसनांवरच बसवावी लागते, म्हणजे जाळी लावली की गाडी दोघांचीच होते.

मुलांच्या आसनांबाबत विशेष काळजी हवी. आयसोफिक्सचे, म्हणजे बालआसन गाडीला थेट अडकवण्याचे, हुक कोणत्या आसनांवर आहेत ते हाताने चाचपून पाहावे आणि आपल्याकडचे बालआसन प्रत्यक्ष बसवून पुढची आसने किती पुढे सरकवावी लागतात ते मोजावे. पाठ रस्त्याच्या दिशेने ठेवून बसवायचे तान्ह्या बाळाचे आसन चालू एअरबॅगसमोर कधीही ठेवू नये. दोन आसनांच्या गाडीत पुढची एअरबॅग बंद करण्याची सोय नसेल, तर ती गाडी बाळासाठी नाहीच.

प्रश्न : गाडी उलटली तर डोक्यावर काहीच नाही, या विचाराने घरचे धास्तावले आहेत.

उत्तर : त्यांची भीती रास्त आहे आणि तिचे उत्तर गाडीनुसार बदलते. उंची गाड्यांत हा भार दोन ठिकाणी पेलला जातो. पुढे काचेची चौकट, जिच्यात अतिकठीण पोलाद असते, आणि मागे आसनांपाठचे संरक्षक कडे. काही गाड्यांत हे कडे कायम उभे असते. इतरांत ते आत दडलेले असते आणि गाडी उलटू लागल्याचे संवेदकांनी ओळखताच वर उसळते. १९८९ च्या मर्सिडीज एसएलमध्ये असे आपोआप उभे राहणारे कडे प्रथम आले आणि ते सुमारे ०.३ सेकंदांत उभे राहत असे. छताची कड नसल्यामुळे पडद्यासारखी एअरबॅग वरून सोडता येत नाही, म्हणून डोक्याचे रक्षण करणारी एअरबॅग दारातून किंवा आसनाच्या पाठीतून फुगते. विचारात असलेल्या गाडीत ती आहे का, हे नक्की विचारावे.

अमेरिकेतील महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २०२० मध्ये उघड्या गाड्या आणि त्यांच्याच बंद आवृत्त्या यांची तुलना केली. चाललेल्या अंतराच्या हिशोबाने उघड्या गाड्यांचे अपघात ६ टक्के कमी आणि चालकांच्या मृत्यूचे प्रमाण ११ टक्के कमी आढळले. या फरकावरून उघडी गाडी अधिक सुरक्षित ठरत नाही, कारण ती चालवणारे लोक, वेळ आणि हवामान वेगळे असू शकतात. ती अधिक धोकादायक असल्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. त्याच अभ्यासात प्राणघातक अपघातांत उघड्या गाडीतून चालक बाहेर फेकला जाण्याचे प्रमाण थोडे जास्त दिसले. म्हणून अशा गाडीत, मागे बसणाऱ्यांसह, कोणीही पट्टा न लावता बसू नये. घरच्यांना मी एवढेच आश्वासन देऊ शकतो, आणि ते पट्ट्याच्या अटीवरच.

प्रश्न : एका उघड्या गाडीतून प्रवास केला तेव्हा वारा समोरून येण्याऐवजी मानेवर मागून येत होता. सगळ्याच गाड्यांत असे होते का?

उत्तर : आपले निरीक्षण अचूक आहे. हवा पुढच्या काचेच्या वरच्या कडेवरून सुटते, डोक्यांवरून जाते, आसनांमागील कमी दाबाच्या पोकळीत वळते आणि तेथून पुढे खांद्यांवर परतते. आसनांमागे उभी जाळी लावतात ती हा उलटा झोत मोडण्यासाठी. मर्सिडीजने काचेच्या वरच्या कडेवर उचलली जाणारी पट्टी बसवून हवेचा झोत आणखी वर ढकलण्याचा उपाय केला आणि २००४ च्या एसएलकेपासून डोक्याच्या टेकूतून मानेवर ऊबदार हवा सोडण्याची सोयही दिली. थंड हवेत छत उघडे ठेवण्याचे दिवस या सोयीने खरोखरच वाढतात, त्यामुळे ती चैन समजून सोडून देऊ नये.

उंच व्यक्तींनी आसन सर्वांत खाली करून पाहावे. कपाळ काचेच्या कडेपेक्षा वर राहत असेल, तर कोणतीही जाळी उपयोगी पडत नाही आणि ती कड नेमकी नजरेच्या रेषेत येऊन सिग्नलही झाकते. ऐकण्याच्या शक्तीचाही विचार करावा. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ८५ डेसिबल ही सावधगिरीची मर्यादा मानली जाते आणि हमरस्त्याच्या वेगात, छत उघडे असताना, आवाज त्याच्या पुढे जाऊ शकतो. लांबच्या प्रवासात मी स्वतः बाजूच्या काचा वर ठेवतो आणि हमरस्ता लागला की छत बंद करतो. उन्हाचे म्हणाल तर वारा लागत असल्यामुळे त्वचा भाजत असल्याचे कळत नाही; टोपी आणि मलम गाडीतच ठेवलेले बरे.

प्रश्न : नवी गाडी आवाक्याबाहेर आहे. सात-आठ वर्षे वापरलेली उंची कन्व्हर्टिबल घेताना छताची तपासणी कशी करावी?

उत्तर : वापरलेली उघडी गाडी म्हणजे दोन यंत्रांची खरेदी असते, एक गाडी आणि दुसरे तिचे छत. इंजिनाची नोंदवही सगळे मागतात, छताची नोंदवही फार थोडे मागतात. टपाची दुरुस्ती, पंपाचे तेल, काच पुन्हा चिकटवणे यांच्या पावत्या विक्रेत्याकडे असतील, तर तो मालक काळजी घेणारा आहे असे मी समजतो. काहीच पावत्या नसणे म्हणजे बिघाड झालाच नाही असे मात्र नसते.

भेट शक्यतो सकाळी, गाडी सुरू होण्याआधी ठरवावी. थंड असताना छत लागोपाठ चार-पाच वेळा उघडून मिटावे. पहिल्या वेळी सुरळीत चालणारी यंत्रणा तिसऱ्या वेळी रेंगाळू लागली, एक बाजू दुसरीच्या मागे पडली किंवा पंपाचा सूर बदलला, तर द्रवदाबाच्या नळ्या किंवा सिलिंडर थकलेले असू शकतात. डिकीचे अस्तर उचलून पंपाच्या आसपास आणि कोपऱ्यांत तेलाचे डाग शोधावेत. छत अर्ध्यावर थांबत असेल तर बिघाड मोठाच असेल असे नाही. प्रत्येक टप्पा पूर्ण झाल्याची खूण देणारे छोटे संवेदक असतात आणि त्यांतील एक जरी गप्प राहिला तरी सगळे काम थांबते. परंतु तो कोणता हे शोधण्यातच खरे श्रम जातात, म्हणून ‘छोटासा सेन्सर आहे, होऊन जाईल’ या आश्वासनावर गाडी घेऊ नये. आधी दुरुस्ती करून मागावी.

त्यानंतर पाण्याकडे वळावे. उघड्या गाडीत थोडे पाणी टपाच्या कडांपाशी येणारच, असे गृहीत धरूनच तिच्यात निचऱ्याच्या नळ्या ठेवलेल्या असतात. त्या पानांनी, मातीने तुंबल्या की पाणी उंबऱ्यांत आणि पायांखालच्या गालिच्यात उतरते. माझ्याकडे काही वर्षे असलेल्या एका जुन्या उघड्या गाडीत गालिचा वरून कोरडा होता, खालची गादी मात्र पिळता येईल इतकी भिजली होती आणि आसनाखालच्या विद्युत खोक्याच्या पिना हिरव्या पडल्या होत्या. कारण निघाले ते बोटाएवढ्या नळीतील कुजलेल्या पानांचे. तेव्हापासून मी गालिच्यावर हात फिरवून थांबत नाही. त्याखाली बोटे घालून दाबतो, सुट्या चाकाच्या खोबणीत पाहतो आणि दार बंद करून वास घेतो. निचऱ्याच्या तोंडाशी तांब्याभर पाणी हळूहळू ओतावे आणि ते गाडीखाली दोन्ही बाजूंनी बाहेर पडते का ते पाहावे.

कापडावर घडी पडते त्या जागा आणि कमानी घासतात त्या जागा आतून प्रकाश धरून तपासाव्यात. मागची काच कापडाला जेथे चिकटवलेली असते तेथे नखाने हलकेच दाबून पाहावे. कडा सुटू लागली असेल तर ती सुटतच जाते. रबरी पट्ट्या मऊ असाव्यात, चिरलेल्या किंवा चपट्या झालेल्या नसाव्यात. संरक्षक कडे पूर्वी उसळले होते का आणि कोणी बसवले, ही चौकशी लेखी करावी. शेवटी गाडीच्या एका कोपऱ्याला जॅक लावून, चाक जमिनीवरून सुटल्यावर, त्याच बाजूचे दार सावकाश उघडून बंद करून पाहावे. दार अडखळत असेल तर उंबरे गंजलेले किंवा अपघातानंतर नीट न जोडलेले असण्याची शंका घ्यावी आणि गाडी जाणत्या मेकॅनिककडून खालून तपासून घ्यावी.

छत अडकले तर ते हाताने बंद करण्याची पद्धत आणि त्यासाठी लागणारे हत्यार गाडीत आहे का, हेही पाहावे. पावसात भर रस्त्यात ते शोधण्याची वेळ आपल्यावर येऊ नये.

प्रश्न : विजेवर चालणारी उघडी गाडी आताच घ्यावी की थांबावे?

उत्तर : निवड अजून मोजकीच आहे. एमजीची सायबरस्टर ही दोन आसनांची गाडी आणि मासेरातीची चार आसनांची ग्रानकॅब्रिओ फोल्गोरे ही ठळक नावे. तळाशी बसवलेली बॅटरीची पेटी कवचाला ताठपणा देते, हा उघड्या गाडीला मिळणारा मोठा लाभ आहे. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे छत उघडून सावकाश जाताना वारा आणि पक्षी ऐकू येतात, हे सुख मला फार मोलाचे वाटते. तोटा वजनाचा. शिवाय छत उघडल्यावर हवेचा अडथळा वाढतो आणि वेगात एका चार्जवरील अंतर घटते, त्यामुळे पुस्तिकेतील अंतर छत बंद असतानाचे मानून हिशोब करावा. रोजचे अंतर थोडे असेल तर थांबण्याचे कारण मला दिसत नाही.

प्रश्न : माझा स्वभाव पाहता मी महिन्यातून दोन-तीनदाच छत उघडीन. तरीही अशी गाडी घेण्यात अर्थ आहे का?

उत्तर : दोन-तीनदा हा अंदाज आपल्या स्वभावाइतकाच गाडीच्या यंत्रणेवरही अवलंबून असतो. ज्या गाडीचे छत उघडण्यासाठी थांबावे लागते, अडसर काढावा लागतो, डिकी आवरावी लागते, त्या गाडीचे छत हळूहळू बंदच राहू लागते. पोर्श ९११ चा टप सुमारे १२ सेकंदांत आणि ताशी ५० किलोमीटरपर्यंत चालत्या गाडीत उघडतो, तर एसएलचा सुमारे १५ सेकंदांत आणि ताशी ६० पर्यंत. अशा गाडीत सिग्नलवर थांबल्या थांबल्या सहज बटण दाबले जाते. म्हणून आपल्यासारख्या वाचकाने हा आकडा इंजिनाच्या ताकदीच्या आधी पाहावा.

मधला पर्याय म्हणून टार्गा पद्धतीचाही विचार करावा. पोर्शने ९११ टार्गा १९६५ मध्ये दाखवली. तिच्यात डोक्यावरचा भागच निघतो आणि मागचे रुंद कडे जागेवर राहते, त्यामुळे संपूर्ण उघडेपणा नसला तरी उलटण्याची भीती कमी होते. आपल्याला ऊन आणि आकाशच हवे असेल, वारा नको असेल, तर काचेचे मोठे छत असलेली कूपे हलकी, शांत आणि कमी कटकटीची ठरेल.

आपण उघडी गाडीच घेतली, तर उघडण्याची इच्छा असो वा नसो, महिन्यातून निदान एकदा टप पूर्ण उघडून मिटावा. रबरी पट्ट्या एकाच जागी दबून चिकटतात आणि द्रवदाबाच्या जोडांतील सील न हलता कोरडे पडतात. टप ओला असेल तर तो मिटून ठेवू नये, पूर्ण वाळू द्यावा. बुरशी आणि घडीचे पांढरे चट्टे ओल्या कापडावरच येतात. धुताना जोराच्या दाबाच्या पाण्याचा फवारा रबरी पट्ट्यांपासून दूर ठेवावा, सौम्य साबण आणि मऊ ब्रश वापरावा, आणि पाणी कापडावर थेंबांनी न थांबता मुरू लागले की कापडासाठीचा पाणीरोधक लेप पुन्हा द्यावा.